धुगधुगी : एका उपचाराचा इतिहास

कुही तालुक्यातील आंभोरा येथे वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा व कोलारी या पाच नद्यांचा संगम मानतात. शके १११० मधील 'विवेकसिंधू'चे रचनास्थान हे, की आंबेजोगाई, हा वाद अभ्यासकांस परिचित आहे. तो येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने हे पात्र विस्तीर्ण झाले असून ढिवरांच्या डोंग्यांशेजारी आता सहलीच्या नावाही फिरतात.

बुडणाऱ्याचे वर्णन आपली भाषा 'नाकातोंडात पाणी गेले' असे करते. उपचार मात्र पोटावर होतो. त्यास खांद्यावर पालथे टाकून धावतात, पोट दाबून पाणी काढू पाहतात. वस्तुतः मृत्यू ओढवतो तो श्वास कोंडल्याने. पोट दाबल्यास तेथील पाणी उलटून श्वासनलिकेत शिरण्याचे भय असते. भाषा येथे उपचारकाहून शहाणी ठरते.

युरोपातही फारसे निराळे घडले नाही. ॲम्स्टरडॅम येथे १७६७ साली व लंडन येथे १७७४ साली बुडालेल्यांस वाचविण्यासाठी संस्था निघाल्या. त्यांच्या उपायांत गुदद्वारे तंबाखूचा धूर देणे हाही एक होता! पुढे सिल्व्हेस्टरने (१८५८) हात वरखाली करण्याची, तर शेफरने (१९०३) पालथे निजवून पाठ दाबण्याची रीत सांगितली. तोंडाने श्वास देणेच अधिक परिणामकारक, हे पीटर सफर यांनी १९५० नंतरच्या दशकात प्रयोगाने दाखविले. १९६० साली कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून हृदय दाबण्याची पद्धती प्रसिद्ध केली. यांपैकी कौवेनहोवेन हे वैद्य नव्हेत, विद्युत्-अभियंते होत.

आजच्या रीतीत तीस दाब व दोन श्वास असा क्रम असतो. दाब मिनिटास १०० ते १२०, खोली पाच ते सहा सेंटीमीटर. बुडालेल्याच्या बाबतीत मात्र आरंभ श्वासाने करावयाचा, कारण त्याच्या रक्तातील प्राणवायूच संपलेला असतो. 'नाकातोंडात' या शब्दाचे मर्म हेच.

दुसरा शब्द 'धुगधुगी'. काठावर आणलेल्या देहात ती आहे काय, हे पाहतात आणि नसल्यास हात आखडतात. नव्या शास्त्राने हा अर्थच उलटविला आहे: हाकेस ओ नाही, श्वास नाही, म्हणजे तत्काळ आरंभ करावयाचा. प्राणवायूवाचून मेंदूस चार-सहा मिनिटांतच इजा होऊ लागते. कुहीहून रुग्णवाहिका निघेपर्यंत ती सरतात. बुडालेल्यास पहिला हात लागतो तो बहुधा डोंगेवाल्याचा.