फक्त 4 सेकंदांनी हुकली टूर द फ्रान्स! महिला सायकलपटू एका टप्प्यात नेमकं काय सोसतात?

मिरजगावहून अहिल्यानगर साधारण 50 किलोमीटर. सायकलवर तिथे जायचं, परत यायचं आणि पुन्हा जायचं. वाटेत दोन मोठे घाट आहेत असंही धरायचं. व्यावसायिक महिला रोड रेसमधला डोंगरी टप्पा अंदाजे एवढा असतो. आणि हे एक दिवस नाही, रोज करायचं असतं.

महिलांच्या सायकलिंगमधली सगळ्यात गाजलेली स्पर्धा म्हणजे टूर द फ्रान्स फाम. 1984 ते 1989 या काळात महिलांची टूर होत होती, मग ती बंद पडली. 2022 मध्ये ती नव्या रूपात सुरू झाली. 2024 मध्ये 22 संघ होते, प्रत्येक संघात 7 जणी. सगळ्या टप्प्यांचा मिळून ज्या सायकलपटूचा वेळ सगळ्यात कमी, ती विजेती.

एकटीचा खेळ नाही

टप्पा सुरू झाला की बहुतेक जणी एका मोठ्या घोळक्यात धावतात. त्याला पेलोटॉन म्हणतात. पुढची सायकलपटू वारा कापते, मागचीची ताकद वाचते. म्हणून संघातल्या काही जणी स्वतः जिंकायला नाही, तर आपल्या प्रमुख खेळाडूला वाऱ्यापासून वाचवायला धावतात. गाडीपर्यंत मागे जाऊन सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणणं हेही त्यांचंच काम.

या घोळक्यात सायकली अगदी खेटून असतात. एकीचं चाक घसरलं की मागच्या दहा जणी पडू शकतात. त्यामुळे पायांइतकंच डोक्यालाही काम असतं: पुढे वळण आहे का, रस्ता अरुंद होतोय का, कोण निसटायच्या तयारीत आहे.

खायचं कधी?

सायकल चालवतानाच. जेल, केळी, भाताच्या छोट्या वड्या असं काही ना काही थोड्या थोड्या वेळानं पोटात जावं लागतं. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. शरीरातली साखर संपली की पाय अचानक चालेनासे होतात.

15 ऑगस्ट 2024: एक पडणं

त्या वर्षी नेदरलँड्सची डेमी व्होलरिंग पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिली होती. पाचव्या टप्प्यात शेवट सुमारे 6 किलोमीटरवर असताना ती पडली. उठली, सायकलवर बसली, पण 1 मिनिट 47 सेकंद गमावून बसली. पिवळी जर्सी पोलंडच्या काशा निएव्यादोमाकडे गेली. विशेष म्हणजे त्या दिवशी टप्पा जिंकणारी ब्लांका वास व्होलरिंगच्याच संघातली होती.

नियम असा आहे की सपाट टप्प्यात साधारणपणे शेवटच्या 3 किलोमीटरमध्ये कुणी पडलं, तर तिला तिच्या गटाचाच वेळ मिळतो. व्होलरिंग त्याच्या आधीच पडली होती.

18 ऑगस्ट: हिशोब

शेवटचा टप्पा सुमारे 150 किलोमीटरचा. आधी ग्लांदाँचा घाट, मग आल्प द्युएजची 21 वळणांची चढण. व्होलरिंग 1 मिनिट 15 सेकंदांनी मागे होती. तिनं ग्लांदाँवरच हल्ला चढवला आणि निएव्यादोमा मागे पडली.

दोन घाटांच्या मधल्या सपाट दरीत निएव्यादोमाच्या गटाला लुसिंडा ब्रँडनं ओढून नेलं. ती दुसऱ्याच संघाची होती आणि स्वतःच्या सहकारी खेळाडूसाठी राबत होती. फायदा मात्र निएव्यादोमालाही झाला.

व्होलरिंगनं टप्पा जिंकला. निएव्यादोमा 61 सेकंदांनंतर, चौथी पोचली. पहिल्या तिघींना अनुक्रमे 10, 6 आणि 4 सेकंदांचा बोनस मिळतो. म्हणजे व्होलरिंगनं 61 अधिक 10 असे 71 सेकंद भरून काढले. हवे होते 75 पेक्षा जास्त. टूर गेली 4 सेकंदांनी.

पुरुषांच्या टूरमध्येही इतकं कमी अंतर कधी राहिलेलं नाही. तिथला विक्रम 1989 चा, 8 सेकंदांचा.

आपल्याकडच्या मुलींचं काय?

गुणवत्ता आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच संगमनेरच्या प्रणिता सोमणनं माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय पदकं मिळवली आहेत. जानेवारी 2026 मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची बहुटप्पी स्पर्धा झाली, पुणे ग्रँड टूर. पण ती पुरुषांची होती.

अडचण इथेच आहे. मिरजगावच्या रस्त्यावर एखादी मुलगी एकटीनं रोज 100 किलोमीटर मारू शकेल. त्यानं दम वाढेल. पण दीडशे जणींच्या घोळक्यात जागा धरणं, पडून लगेच उठणं, कुणाच्या मागे कधी राहायचं हे ओळखणं एकटीनं शिकता येत नाही. त्यासाठी स्पर्धाच लागतात. आणि 4 सेकंदांचा फरक बहुतेकदा तिथेच पडतो.