डिझास्टर, अस्मानी आणि सुलतानी

आपत्ती व्यवस्थापनाचा धडा चालू होता. एका मुलाने विचारलं, "सर, डिझास्टरला आपण उर्दूत आफत म्हणतो, मग मराठीत काय म्हणायचं?" मी सांगितलं, "मराठीत आपत्ती म्हणतात, आणि आफतही म्हणतात." उत्तर चुकीचं नव्हतं, पण माझंच समाधान झालं नाही. घरी येऊन शब्दकोश उघडला.

'डिझास्टर' हा शब्द सोळाव्या शतकात इटालियन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्यातला 'ॲस्ट्रो' म्हणजे तारा आणि 'डिस' म्हणजे वाईट. तारे प्रतिकूल झाले की संकट कोसळतं, ही जुन्या युरोपची समजूत त्यात आहे. आपणही 'ग्रह फिरले' म्हणतोच की!

इथे मला एक हदीस आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक दोन्ही गोष्टींचा संबंध जोडू लागले. पुत्रशोकात असतानाही प्रेषितांनी त्यांना समजावलं की, सूर्य-चंद्राला ग्रहण कुणाच्या जन्मामुळे किंवा मृत्यूमुळे लागत नाही.

मराठीने मात्र याहून पुढची गोष्ट केली. फारसी 'आस्मान' आणि अरबी 'सुलतान' घेऊन तिने 'अस्मानी-सुलतानी' अशी जोडी बनवली. आभाळातून आलेलं संकट ते अस्मानी, राज्यकर्त्यांमुळे ओढवलेलं ते सुलतानी. पीक बुडालं तर कुणामुळे, हा प्रश्न या जोडशब्दातच आहे.

1876 साली दख्खनमध्ये पाऊस पडला नाही, ते अस्मानी. पण लोक उपाशी मरत असताना हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालूच राहिली. 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली ती दिवसाला एक रतल धान्याची किंमत आणि वर एक आणा. रतल म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्याला एवढ्यात काय होणार? पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. त्यातला अन्याय तिने ओळखला होता. ही मजुरी सुलतानी होती.

आपल्या 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातही आपत्तीची कारणं नैसर्गिक, मानवनिर्मित, अपघात आणि हलगर्जीपणा अशी दिली आहेत. तरीही इमारत कोसळली, चेंगराचेंगरी झाली की आपण चटकन म्हणतो, "नशीब त्यांचं!" अल्लाहच्या मर्जीवर ईमान ठेवणं वेगळं आणि माणसाची चूक तिच्याआड लपवणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखले. तोच मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, आमच्या गल्लीत पाणी शिरलं. पाऊस अस्मानी. नाला साफ केला नव्हता, ते सुलतानी. पण त्या नाल्यात पिशव्या आम्हीच टाकतो, ते कुठल्या रकान्यात लिहू?"

फळ्यावर तिसरा रकाना आखावा लागला.