शाहजोग हुंडी ते ओटीपी : बुडालेला पैसा कोणाचा?

दिवाळीनंतर सोलापूरला गेलो होतो. चाटी गल्लीत ओळखीचे एक चादरवाले काका भेटले. चेहरा पडलेला. म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग सांग, जमा झालेले पैसे परत जातेत कसं बे?"

झालं होतं असं. काकांच्या पुतण्याने दुकानाचं संकेतस्थळ काढलंय. त्यावर परदेशी कार्डाने वीस चादरींची ऑर्डर आली. पत्ता मुंबईचा. पैसे जमा, माल रवाना. दोन महिन्यांनी बँकेकडून निरोप : कार्डाचा मालक म्हणतो हा व्यवहार माझा नाहीच, सबब रक्कम परत वळती केली आहे. वर शुल्क वेगळं. चादरी गेल्या, पैसेही गेले.

याला म्हणतात चार्जबॅक. प्रश्न मात्र कार्डापेक्षा पुष्कळ जुना आहे.

आपल्याकडे व्यापारात हुंडी चालायची. तिचा एक प्रकार शाहजोग. तिचे पैसे कुणाही सोम्यागोम्याला मिळत नसत, बाजारात पत असलेल्या 'शाह'लाच मिळत. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर त्या शाहने पैसे व्याजासकट परत करायचे, नाहीतर ज्याच्याकडून ती घेतली त्याला हजर करायचं. म्हणजे ज्याने खातरी दिली, नुकसान त्याचं. साधा हिशोब! १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही हुंडीच्या अशा स्थानिक रूढींना हात लावला नाही.

कार्ड आलं आणि हा हिशोब बदलला. अमेरिकेत १९७० साली कायदा झाला की चोरीच्या कार्डाचा भुर्दंड मालकावर जास्तीत जास्त ५० डॉलर. १९७४ च्या कायद्याने चुकीच्या बिलाविरुद्ध दाद मागायचा हक्क दिला. ग्राहक सुटला. मग उरले बँक आणि दुकानदार. कार्ड कंपन्यांच्या नियमांत ढोबळमानाने असं ठरलं की ज्या दुकानदाराने कार्ड डोळ्यांनी पाहिलं नाही, सही घेतली नाही, जोखीम त्याची. इंटरनेटवर तर कार्ड कोणीच पाहत नाही!

भारतात याचं गाजलेलं उदाहरण मे २००२ चं. परदेशस्थ भारतीयांना इथल्या नातलगांसाठी वस्तू घेता याव्यात म्हणून 'सोनी-संबंध' हे संकेतस्थळ होतं. एका अमेरिकन कार्डावर रंगीत टीव्ही आणि हेडफोनची ऑर्डर आली, माल नोएडात पोचला. दीडेक महिन्याने कळलं की कार्डमालकाने व्यवहार नाकारलाय. पण कंपनीने माल देताना घेणाऱ्याचा डिजिटल फोटो काढून ठेवला होता. सीबीआयने माग काढला तेव्हा चोर निघाला कॉल सेंटरमधला कर्मचारी. कामावर असताना त्याने कार्डाचा नंबर मिळवला होता. भारतातली सायबर गुन्ह्यातली पहिली दोषसिद्धी म्हणून हा खटला ओळखला जातो.

मग रिझर्व्ह बँकेने पाऊल उचललं. फेब्रुवारी २००९ मध्ये परिपत्रक निघालं आणि १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन व्यवहारात कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक खूण पटवणं सक्तीचं झालं. आधी पासवर्ड, मग आपला लाडका ओटीपी. 'किती कटकट' म्हणून आपण सगळ्यांनीच नाकं मुरडली. पण गंमत बघा, अशी ओळख पटवल्यावर 'हा व्यवहार माझा नाही' या तक्रारीचा भार साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. म्हणजे खातरी देणारा शाह परत आला, या वेळी बँकेच्या रूपात!

काका नेमके इथे अडकले. परदेशी बँकेच्या कार्डाला आपली सक्ती लागू नाही, त्यामुळे ओटीपी न विचारताच पैसे जमा झाले. शिवाय 'माल मिळालाच नाही', 'फाटका आला' अशा तक्रारींना ओटीपी असला तरी उपयोग नाही. तिथे पुरावाच लागतो.

काकांना म्हटलं, परदेशी कार्ड ओळख पटवल्याशिवाय घेऊ नका, पेमेंट गेटवेवाल्याला तशी सोय मागा. कार्ड परदेशातलं, पत्ता इथला आणि ऑर्डर मोठी असेल तर माल पाठवण्याआधी फोन करा. पोच पावती, बिल, ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवा, कारण तक्रार काही महिन्यांनीही येऊ शकते. आणि तक्रार आली की मुदतीत उत्तर द्या. पोच पावतीने चोरीच्या कार्डाचे पैसे परत मिळतीलच असं नाही; पण उत्तर नाही दिलं तर हरलातच.

काका पुतण्याकडे बघायला लागले. उत्तर मागणारी ईमेल त्याच्याकडे तीन आठवडे न उघडता पडली होती.

"आमचे आजोबा रोज रात्री वही लिहिल्याशिवाय जेवत नव्हते," काका एवढंच म्हणाले.

असो. ते पैसे काही परत आले नाहीत. तुमच्या ओळखीत कोणी ऑनलाइन दुकान चालवत असेल, तर त्यांना एवढंच विचारा : बँकेची ईमेल कोण उघडतं?