विनाचौकशी हद्दपारी आणि शासनाची विश्वासार्हता : नातू बंधूंच्या प्रकरणाचा पुनर्विचार

राज्यसंस्थेने एखाद्या व्यक्तीस धोकादायक ठरवून दूर केले, तर त्या दाव्यावर जनतेने कशाच्या आधारे विश्वास ठेवावा? पुणे जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाचे महत्त्वाचे उदाहरण १८९७ मध्ये आढळते.

प्लेगच्या बंदोबस्तातील जाचामुळे पुण्यात असंतोष होता. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड मार्गावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. २७ जुलैस लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. दुसऱ्याच दिवशी सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू यांना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली पकडण्यात आले. त्यांना पुण्याबाहेरील तुरुंगांत ठेवले गेले व त्यांची मालमत्ता जप्त झाली.

या दोन अटकांतील भेद मूलगामी आहे. टिळकांच्या खटल्यात नऊ ज्यूरर्सपैकी सहा युरोपीय होते व निर्णय सहा विरुद्ध तीन मतांनी झाला. हा न्याय पक्षपाती होता, असे म्हणता येते. कारण आरोप, पुरावा व मतविभागणी नोंदीत आहे. नातूंच्या बाबतीत मात्र खंडन करण्याजोगा आरोपच समोर आला नाही. रँडच्या हत्येबद्दल दामोदर चापेकर यांच्यावर रीतसर खटला चालून १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना फाशी झाली. नातूंवर खटला कधीच भरला गेला नाही. साहजिकच सरकारचा संशय सिद्धही झाला नाही आणि खोटाही ठरला नाही. अमरावतीच्या काँग्रेस अधिवेशनात याच रेग्युलेशनांविरुद्ध आवाज उठला. तरीही १९०७ मध्ये लाला लजपतराय यांना १८१८ च्या बंगाल रेग्युलेशनखाली मंडालेस पाठविण्यात आले व काही महिन्यांनी विनाखटला सोडण्यात आले. मावळातील तळेगाव दाभाडे येथील समर्थ विद्यालय सरकारने १९१० मध्ये बंद केले, तेव्हा त्यामागील सरकारी कारणांकडे लोकांनी संशयाने पाहिले असल्यास नवल नाही.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने अनुच्छेद २२ द्वारे प्रतिबंधक स्थानबद्धता कायम ठेवली. मात्र कारणे कळविणे व तीन महिन्यांपलीकडील स्थानबद्धतेसाठी सल्लागार मंडळाचे मत आवश्यक केले. या मर्यादांचे मोल आजही कमी झालेले नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रात बांगलादेशी समजून पकडलेल्या व सीमेपार पाठविलेल्या पश्चिम बंगालच्या काही रहिवाशांना भारतात परत आणावे लागले. अवैध वास्तव्यावर कारवाई करण्याचा शासनाचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु येथे चूक उघडकीस आली ती हद्दपारीनंतर, म्हणजे सुनावणीने जी आधी टाळता आली असती.

सारांश, नातू प्रकरणावरून असे दिसते की, योग्य कार्यपद्धती ही केवळ आरोपीला दिलेली सवलत नव्हे. शासनाचे म्हणणे खरे असल्यास ते खरे असल्याचे जनतेस पटविण्याचा तोच एक मार्ग आहे.