सातपुड्याच्या पायथ्याची गावे : जमीन, कागद आणि वाट

बुलढाणा जिल्हा म्हटले की बहुतेकांना शेगावचे देवस्थान, लोणारचे सरोवर किंवा सिंदखेडराजा आठवतो. जिल्ह्याची उत्तर सीमा मात्र क्वचितच कुणाच्या डोळ्यांसमोर येते. जळगाव जामोद आणि संग्रामपूर या दोन तालुक्यांच्या माथ्यावर सातपुड्याची रांग आडवी पसरली असून पलीकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा लागतो. या रांगेच्या कुशीत व पायथ्याशी भिंगारा, गोमाळ, चाळीसटापरी, कुवरदेव, सोनबर्डी, वसाली अशी गावे आहेत. भिल, भिलाला, बारेला, कोरकू आणि निहाल हे तेथील रहिवासी. सुटीतील सेवाशिबिरांच्या निमित्ताने अशा गावांकडे जाऊ इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांना तेथील जीवनाची, जमिनीच्या हक्काची आणि वाटेची काही माहिती असावी, या हेतूने हा लेख देत आहोत.

या गावांतील घरे साधारणतः लाकडाच्या मेढी व कुडाच्या भिंतींची, शेणामातीने सारवलेली. पावसाच्या पाण्यावर ज्वारी, मका, तूर व कापूस घ्यावा, उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुले व मे महिन्यात तेंदूपाने गोळा करावीत आणि उरलेल्या दिवसांत पूर्णेच्या सखल प्रदेशात मजुरीसाठी उतरावे, असा वर्षाचा क्रम असतो. होळी हा सर्वांत मोठा सण. मजुरीसाठी दूर गेलेली माणसे त्यासाठी हमखास घरी परततात.

यांपैकी निहाल समाजाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. त्यांची निहाली ही भाषा जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळात निश्चितपणे बसत नाही. ती बोलणारे लोक केवळ दोन ते अडीच हजार असावेत असे मानतात आणि ते मुख्यतः जामोद परिसरात व सीमेपलीकडील निमाडात राहतात. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या 1906 साली प्रसिद्ध झालेल्या खंडात तिची नोंद मुंडा भाषांसोबत झाली. पुढे 1962 साली डच विद्वान कुइपर यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला व तिच्या शब्दसंग्रहाचा सुमारे चौथा हिस्सा कोणत्याही शेजारभाषेतून आलेला नाही, असे दाखविले. बाकीचा भाग कोरकू, द्राविडी व मराठीतून आलेला आहे. जगभरातील भाषाशास्त्रज्ञ जामोदचे नाव जाणतात आणि शेजारच्या तालुक्यातील सुशिक्षित माणसाला ते ठाऊक नसते, ही गोष्ट आम्हांस काहीशी खेदाची वाटते. निहाल पूर्वापार कोरकूंकडे शेतमजुरी करीत आले. साहजिकच जमिनीच्या बाबतीतही ते सर्वांच्या मागे राहिले.

आता जमिनीकडे वळू. मैदानातील शेतकऱ्याचा आधार म्हणजे सातबारा. डोंगरातील जमीन बव्हंशी वनखात्याच्या नावे लागल्यामुळे पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्याचे नाव कोणत्याही दप्तरी नव्हते. कायद्याच्या दृष्टीने तो अतिक्रमण करणारा ठरला. दुसरी अडचण त्याहून विचित्र आहे. कोरकू व निहाल या जमाती विदर्भात अनुसूचित जमाती म्हणून ओळखल्या जात, त्या मेळघाटासारख्या ठरावीक तालुक्यांपुरत्याच. बुलढाणा जिल्हा त्यांत नव्हता. म्हणजे एकाच रक्ताचे दोन भाऊ, एक मेळघाटात व दुसरा जामोदला राहत असेल, तर पहिला आदिवासी आणि दुसरा नाही! हे क्षेत्रबंधन 1976 च्या दुरुस्ती कायद्याने दूर झाले. दुसरे एक बंधन अद्याप कायम आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतात. बुलढाणा जिल्ह्याचा कोणताही भाग येत नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना पेसा कायद्याने मिळालेले विशेष अधिकार येथील ग्रामसभांना नाहीत.

या पार्श्वभूमीवर 2006 सालच्या वनहक्क कायद्याचे मोल लक्षात येते. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष ताब्यातील, परंतु कमाल 4 हेक्टरपर्यंतच्या जमिनीवर या कायद्याने हक्क दिला. इतर पारंपरिक वननिवासींसाठी तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. हा हक्क वारसाने पुढे जातो, मात्र विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. विवाहितांच्या बाबतीत पट्टा पती व पत्नी या दोघांच्या नावे द्यावा लागतो. आपल्या सुधारलेल्या शहरी कुटुंबांतही घर दोघांच्या नावे असेलच असे नाही, हे येथे नमूद करण्यास हरकत नसावी. दावा प्रथम ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो, नंतर उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे. पुरावा केवळ सरकारी कागदाचाच हवा असे नाही. जुनी विहीर, घराचा चौथरा, पूर्वजांची दफनभूमी, देवस्थान, गावातील वृद्धांचा लेखी जबाब हेही नियमांनी पुराव्यात धरले आहेत. कधीकाळी अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाची पावतीसुद्धा येथे उपयोगी पडते, कारण त्या तारखेस ती व्यक्ती तेथे होती, हे खुद्द सरकारनेच त्यात लिहून दिलेले असते. ज्यांनी लाजेने वा भीतीने त्या पावत्या फाडून टाकल्या, त्यांचे नुकसान झाले.

वाटेचा प्रश्न याच कागदाशी बांधलेला आहे, हे फारसे कुणी ध्यानात घेत नाही. वस्तीकडे जाणारा रस्ता वनजमिनीतून जातो, म्हणून वर्षानुवर्षे परवानगी अडते. पावसाळ्यात नाले भरले की रुग्णाला किंवा बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो. अशा बातम्या जवळजवळ दर पावसाळ्यात वृत्तपत्रांतून येतात. वास्तविक वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये यावर उपाय आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, वीजवाहिनी, रस्ता अशा 13 प्रकारच्या सोयींसाठी, ग्रामसभेची शिफारस असल्यास, प्रत्येकी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत, एवढी अट आहे. पाच मीटर रुंदीचा रस्ता धरला तर एका हेक्टरात सुमारे दोन किलोमीटर लांबी होते. हे अंतर थोडे नाही. म्हणजे जागरूक ग्रामसभेचा एक नीट लिहिलेला ठराव ही रस्त्याची पहिली पायरी ठरू शकते. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्यात मात्र वन्यजीव कायद्याच्या अटीही पाळाव्या लागतात. हे अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

वाघाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ 2019 साली तेलंगणातून व अनेक जिल्ह्यांतून हजारो मैल नव्हे, तरी तेराशे किलोमीटरहून अधिक भटकून याच जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातील पट्ट्यामुळे त्याच्या प्रत्येक मुक्कामाची नोंद झाली. डोंगरातील माणसालाही कमी भटकावे लागत नाही, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीची समिती अमरावतीस, आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय अकोल्यास आणि जिल्हा समिती बुलढाण्यास. बुलढाणा शहर तर पूर्णेचे खोरे ओलांडून अजिंठ्याच्या रांगेवर वसलेले. अर्थात एक डोंगर उतरून दुसरा चढावा, तेव्हा कचेरी लागते. रेल्वे गाठायची तर नांदुरा किंवा शेगाव. अकोला-खांडवा ही मीटरगेज गाडी 2017 साली रुंदीकरणासाठी बंद झाली. नवा मार्ग मेळघाटाच्या गाभ्यातून न नेता सोनाळा, जामोद व कुवरदेवमार्गे वळवावा, असा पर्याय त्यानंतर पुढे आला.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत मालमत्तेचा विचार नवा नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या परिपत्रकात श्रमिकाच्या खाजगी मालमत्तेच्या हक्काचे समर्थन केले, तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली तो हक्क सर्वांच्या समान उपभोगाच्या हक्काच्या अधीन असल्याचे स्पष्ट केले. पोप फ्रान्सिस यांचे 2015 चे ‘लाउदातो सी’ तर मूलनिवासींच्या भूमीविषयी थेट बोलते: त्यांच्या लेखी ती विक्रीची वस्तू नसून परमेश्वराची व तेथे विसावलेल्या पूर्वजांची देणगी आहे. पवित्र शास्त्रातील नाबोथाने वाडवडिलांचे वतन राजालाही देण्यास नकार दिला, तो याच भावनेने. त्याचा मळा अखेर हिरावला गेला, त्याची सुरुवात राजाच्या मोहोरेच्या खोट्या पत्रांनी झाली, हेही वाचकांनी पुन्हा एकदा राजांच्या पहिल्या ग्रंथाचा 21 वा अध्याय उघडून पाहावे.

तेव्हा शिबिरास जाणाऱ्या तरुणांनी घोंगड्या व जुने कपडे अवश्य न्यावेत, परंतु सोबत कोरे कागद आणि दाव्याचे नमुनेही न्यावेत, असे आम्ही सुचवू. वृद्धांचे जबाब लिहून घेणे, नकाशावर शेत दाखविणे, ठरावाची प्रत काढून ठेवणे ही कामे मराठी नीट लिहिता येणाऱ्या कोणालाही करता येतील. ज्यांची घरची बोली कोरकू, बारेली वा निहाली आहे, त्यांना सरकारी मराठीतील अर्ज परकाच वाटतो.

दावा फेटाळला गेला तर काय, हे ठाऊक असणे विशेष गरजेचे आहे. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे अमान्य झालेल्यांना वनजमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला होता. 28 फेब्रुवारीस त्यास स्थगिती मिळाली. जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय पातळीवर दाद मागण्याची सोय राज्यपालांनी 2020 साली केली खरी, पण ती अनुसूचित क्षेत्रांपुरती. बुलढाण्याच्या गावकऱ्यांना तिचा लाभ नाही. त्यांच्यासाठी खालच्या दोन पायऱ्यांवरचीच अपिले महत्त्वाची: ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे 60 दिवसांत आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे पुन्हा 60 दिवसांत. निर्णय लेखी मागून घ्यावा, त्यावरील तारीख पाहावी आणि तो हाती पडल्याची तारीखही त्याच कागदाच्या पाठीवर लिहून ठेवावी.