काळा आंबा, खुर्दा आणि 'जे ४५'

पानिपतजवळ काला अंबच्या स्मारकापाशी उभं राहिलं की मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ आठवतो, आणि ते सांकेतिक पत्रही. दोन मोती, सत्तावीस मोहरा. रुपये-खुर्दा किती गेला त्याला हिशेब नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. खुर्दा म्हणजे साधे शिपाई, बाजारबुणगे. ते कुणी मोजलेच नाहीत.

प्रत्येक मरण कारणासकट मोजावं, यासाठी १८९३ साली फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. आजची 'आयसीडी' तिचीच वारस. तिच्या दहाव्या आवृत्तीत दमा म्हणजे जे ४५, त्यातला मुख्यतः ॲलर्जीचा जे ४५.०. ॲलर्जीची सर्दी जे ३०. कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस जे ६६.०. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात दमा सीए २३.

आज याच पानिपतात जुन्या कपड्यांपासून सूत काढणारे कारखाने आहेत. तिथला कामगार धापा टाकत दवाखान्यात गेला आणि केसपेपरवर नुसतं 'दम लागतो' लिहिलं, तर संकेत पडतो आर ०६.०. ते लक्षण झालं, आजार नव्हे. धूळ हिशेबातून सुटली. मृत्यूच्या दाखल्यावरचं 'श्वास बंद पडला' हेही तसंच. त्यातून कारण कळत नाही.

पत्रातला संकेत बातमी लपवण्यासाठी होता. हा संकेत उघड करण्यासाठी आहे. म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा: निदान पूर्ण लिहिलंत ना? खुर्द्याचाही हिशेब लागला पाहिजे.