पन्नीला दंड, ‘पेपर’ला अनुदान

प्लास्टिकबंदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भाजीवाल्याच्या पाटीखाली लपवलेली पन्नीच येते. तपासणीची गाडी आली की गठ्ठा आत, गाडी गेली की बाहेर. पण सिल्लोड तालुक्यात याहून कितीतरी जास्त प्लास्टिक दुसरीकडेच पडलंय. ते कळण्यासाठी थोडा इतिहास बघू.

ज्यांची चाळिशी उलटली त्यांना आठवत असेल, बाजाराला जाताना खांद्यावर कापडी थैली असायची. साखर-डाळ रद्दीच्या पुडीत, वरून दोरा. तेलाला किटली, लग्नाला पळसाच्या पत्रावळ्या. प्लास्टिक तेव्हाही होतंच की! वायरची पिशवी प्लास्टिकचीच, पण एक पिशवी दहा-पंधरा वर्षं चालायची. मग कॅरीबॅग फुकट मिळायला लागली आणि थैली खुंटीवर गेली.

सरकारने या पन्नीला पकडायला जाडीचं माप घेतलं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १९९९ मध्ये केंद्राने किमान २० मायक्रॉनची अट घातली. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नाले तुंबायला पिशव्याही कारणीभूत असल्याची ओरड झाली. २००६ मध्ये राज्याने थेट ५० मायक्रॉनची अट लावली. केंद्र मात्र २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, २०२१ मध्ये ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० असं सरकत राहिलं. जाडीच का? कारण पातळ पन्नीला वजन नसतं. किलोभर भरायला शेकडो गोळा कराव्या लागतात, म्हणून कचरा वेचणारेसुद्धा तिला हात लावत नाहीत.

२०१८ साल तर आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिलं. फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी तेव्हाच्या औरंगाबाद शहराचा कचरा अडवला. अनेक वर्षं दुसऱ्याची घाण सोसलेली ती माणसं, त्यांचं काय चुकलं? मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक, लाठीमार झाला. त्याच महिन्यात, २३ मार्चला, राज्याची प्लास्टिकबंदी आली. तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून पहिला दंड ५ हजार रुपये. आठवडाभरातच किराणा पॅकिंगला सवलत मिळाली. दुधाची रिकामी पिशवी परत दिली की ५० पैसे मिळणार होते. तुम्हाला कधी मिळाले का?

आता आपल्या शिवारात या.

मिरचीच्या बेडवर आपण जो मल्चिंग पेपर अंथरतो, त्याला पेपर म्हणायची सवय झालीय, पण तो निव्वळ प्लास्टिक आहे. जाडी साधारण २५ ते ३० मायक्रॉन, म्हणजे बंदी घातलेल्या कित्येक पन्न्यांपेक्षा पातळ. साधा हिशोब करा. पाच फुटांवर बेड धरले तर एकरात साधारण २,६५० मीटर लांबीचे बेड होतात. चार फुटी, २५ मायक्रॉनचा पेपर घेतला तर वजन ७० किलोच्या वर जातं. पाच ग्रॅमची एक पन्नी धरली तर एका एकरात १४ हजार पन्न्या! आणि यावर बंदी नाही, उलट फलोत्पादन अभियानातून अनुदान आहे, बरीच वर्षं ते हेक्टरी १६ हजारांपर्यंत होतं.

मल्चिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. पाणी वाचतं, तण कमी, खुरपणीचा खर्च कमी. आपल्यासारख्या कमी पाण्याच्या भागात हे मोठं काम आहे. प्रश्न पीक निघाल्यावरचा आहे. कुणी पेपर बांधावर जाळतं, कुणी नाल्याच्या काठाला टाकतं, आणि घाई असली की रोटाव्हेटर वरूनच फिरतो. मग तुकडे मातीत जातात, ते परत वेचणं कुणाच्या बापाला जमणार नाही. चीनमध्ये अनेक वर्षं हेच झालं. शेवटी २०१८ पासून तिथे शेतातल्या फिल्मची जाडी किमान १० मायक्रॉन केली, म्हणजे ती फाटू नये आणि निदान गोळा तरी करता यावी.

आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राने पॅकिंगचं प्लास्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. मल्चिंग पेपर पॅकिंगमध्ये मोडत नाही, म्हणून तो त्यातून सुटला. अंथरायला अनुदान आहे, उचलायला कुणीच नाही.

या हंगामात एवढं तरी करा. रोटाव्हेटर घालायच्या आधी पेपर काढा, माती झटका, गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. मातीने माखलेला माल भंगारवालाही घेत नाही. आणि पुढच्या ग्रामसभेत कृषी सहायकांना विचारा: ज्या दुकानातून बंडल घेतलं, तिथेच जुना पेपर परत का घेऊ नये? अनुदानाचे थोडे पैसे तो परत दिल्यावर का मिळू नयेत? तुमच्या गावात कुणी जुना पेपर विकत घेत असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि भाव लिहा.